सर जॉर्ज ग्रीअर्सन आणि आपली बोली

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतीलच कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे यावीत, हा संकेत आम्हांस मान्य आहे. तथापि यंदा ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, महाराष्ट्राचे नव्हेत, किंबहुना या देशाचेही नव्हेत. त्यांचा जन्म आयर्लंडातला, चाकरी बंगाल-बिहारातली आणि देहावसान इंग्लंडातले. कर्जत-खालापूरच्या आगऱ्यांशी त्यांचा संबंध आला तो केवळ कागदावर. परंतु त्या कागदाचे महत्त्व असे की, १९०५ साली कलकत्त्यास छापलेल्या एका जाडजूड ग्रंथात मराठीच्या बोलींच्या यादीत आगरी हे नाव त्यामुळे समाविष्ट झाले. आपल्या घरातील बोलण्याकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय. ते गृहस्थ म्हणजे सर जॉर्ज एब्राहम ग्रीअर्सन.

हे चरित्र सांगण्याचे कारण घरगुती आहे. आपल्याकडील वडीलधारी माणसे घोड्यास घोरा म्हणतात, गाडीस गारी, पाण्यास पानी, डोळ्यास डोला, आणि विसाला ईस. मुले कर्जत-खोपोलीच्या शाळेत आणि पुढे मुंबई-पुण्यास गेली की, या उच्चारांबद्दल त्यांस हसू येऊ लागते. प्रथम इतर हसतात, मग ती स्वतःच हसतात, आणि अखेर घरी आलेल्या पाहुण्यांसमोर आजीने फार बोलू नये असे त्यांस वाटू लागते. ही अतिशयोक्ती नव्हे, हे वाचक जाणतातच. आता हे बोलणे म्हणजे बिघडलेली मराठी, की स्वतःचे नियम असलेले मराठीचे एक रूप, याचा निवाडा अभिमानाने होत नाही आणि लाजेनेही होत नाही. तो पुराव्याने व्हावा लागतो. बोलीचा पुरावा गोळा करून त्यावरून सिद्धांत पारखण्याची पद्धत या देशात ज्यांनी सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमलात आणली, त्यांची ओळख म्हणूनच आपणांस हवी.

ग्रीअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिन शहराजवळील ग्लेनगिअरी येथे झाला. घराणे छापखान्याचे, डब्लिनमधील राजमुद्रकाचे काम त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकण्यास गेले, आणि तेथे रॉबर्ट ॲटकिन्सन या संस्कृतच्या अध्यापकाची गाठ पडली. या गुरूने शिष्याच्या मनात हिंदुस्थानच्या भाषांची जी गोडी उत्पन्न केली, ती सत्तर वर्षे कमी झाली नाही. १८७१ साली ग्रीअर्सन मुलकी सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि १८७३ साली बंगाल इलाख्यात रुजू झाले.

दुष्काळ, महसूल, फौजदारी खटले, अशी सर्व कामे त्यांनी केली. पुढे बिहारात ते अफूखात्याचे प्रमुख अधिकारीही होते. या चाकरीतूनच त्यांची विद्या उगवली. न्यायासनापुढे येणारा शेतकरी जी भाषा बोले ती शाळेच्या पुस्तकात नव्हती, आणि पुस्तकातली भाषा त्या शेतकऱ्यास कळत नव्हती. या अडचणीवर दुभाष्या नेमून मोकळे होणारे अधिकारी पुष्कळ होते. ग्रीअर्सन यांनी मात्र मैथिली, मगही, भोजपुरी या बोलींची व्याकरणे लिहिण्यास घेतली. १८८३ ते १८८७ या काळात बिहारच्या बोलींची सात व्याकरणे त्यांनी प्रसिद्ध केली, आणि या बोली हिंदीची अशुद्ध रूपे नसून त्यांचा एक निराळा गट आहे, असे मत क्रियापदांच्या रूपांच्या आधारे मांडले.

त्यांच्या सर्व ग्रंथांत आम्हांस व्यक्तिशः अधिक आवडतो तो १८८५ साली निघालेला बिहारच्या शेतकरी-जीवनाविषयीचा ग्रंथ. त्यात नांगराचे भाग, बैलगाडीचे भाग, उसाचा घाणा, कुंभाराचे चाक, घराचे वासे, लग्नातील विधी, अशा वस्तूंची व कृत्यांची नावे ज्या त्या जिल्ह्यात जशी आहेत तशी दिली असून छायाचित्रांवरून काढलेल्या आकृतीही जोडल्या आहेत. एका परकीय मॅजिस्ट्रेटाने शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे राहून जूं आणि जुपण्याची दोरी यांची नावे विचारावीत व टिपून ठेवावीत, ही गोष्ट साधी नव्हे. राब, आवण, इरले, उडवी हे शब्द आपल्या दोन तालुक्यांत अद्याप ऐकू येतात. त्यांचा असा सचित्र कोश आपल्यापाशी असता तर किती बरे झाले असते! असो.

१८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पूर्वी अध्यापन केलेले ब्यूलर त्या वेळी व्हिएन्नात होते. हिंदुस्थान सरकारने देशातील भाषांची पद्धतशीर पाहणी करावी, अशा ठरावास त्यांच्यासारख्या पंडितांचा पाठिंबा मिळाला. सरकारी काम आणि त्यात पैशाचा प्रश्न. आठ वर्षे गेली. १८९४ साली योजना मार्गी लागली आणि १८९८ साली ग्रीअर्सन यांची अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने मात्र या पाहणीतून वगळली होती. हैदराबाद वगळल्यामुळे मराठवाड्याच्या बोलींची जी उपेक्षा झाली, ती मराठीच्या अभ्यासकांस पुढे फार काळ जाणवली.

पाहणीची रीत अशी होती. प्रथम प्रत्येक जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषा-बोलींची यादी व बोलणाऱ्यांचा अंदाजी आकडा मागविण्यात आला. त्यानंतर प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविले. पहिला, बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे त्या बोलीतील भाषांतर. दुसरा, लोकांच्याच तोंडची एखादी कहाणी, गाणे किंवा कोर्टातील जबानी. तिसरा, ठरावीक २४१ शब्दांची व वाक्यांची यादी. दृष्टान्ताची निवड धर्मप्रसारासाठी नव्हती. त्या एका छोट्या गोष्टीत तीनही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तीनही काळ येतात, म्हणून ती सोयीची ठरली. हिंदी लोकांच्या भावना दुखावतील असे तपशील त्यात थोडे बदललेही होते. सर्व ठिकाणी एकच मजकूर असल्यामुळे पेशावरच्या नमुन्याशेजारी कोकणचा नमुना ठेवून ताडून पाहता येई. गणित शिकलेल्या माणसाची ही युक्ती, असे आम्हांस वाटते. एक राशी स्थिर ठेवल्याखेरीज दुसरी मोजता येत नाही.

हे कागद जिल्ह्याजिल्ह्यांतून जमा होत होते त्या वेळी आपला कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यात नवाच होता. १८९१ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि खालापूर हा त्याचाच पेटा होता. (कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.) बोरघाटाची आगगाडी १८६३ पासून चालू झाली होती. घाटाच्या वर मावळची बोली, उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत आगरी, कुणबी, कोळी यांची बोली, आणि डोंगराच्या कुशीत ठाकर व कातकरी यांची, अशी ही बोलींच्या शिवेवरची भूमी आहे. शिवेवरच्या शेतात वाद अधिक, हे आपणांस ठाऊकच आहे. कातकऱ्यांच्या बोलीचेच पाहा. ती मराठीत मिसळत चालली असली तरी मूळची भिल्लीकडची असावी, असे अनुमान पाहणीकारांनी बांधले. म्हणजे कर्जतच्या बाजारात एकाच भावाने मासळी घेणाऱ्या दोन बायांच्या बोलण्यामागे दोन निराळे इतिहास असू शकतात.

मराठीचा खंड हा पाहणीचा सातवा खंड. तो तयार करण्याचे काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केले आणि ग्रीअर्सन यांनी त्याचे संपादन केले. ग्रीअर्सन १८९९ मध्येच इंग्लंडास परतले होते. कोनो हिंदुस्थानात सरकारी पुरालेखवेत्ते म्हणून आले ते १९०६ साली, म्हणजे हा खंड निघाल्यानंतर. मराठी बोलींचा हा निवाडा असा साता समुद्रापलीकडे, केवळ कागद समोर ठेवून झाला. यात त्यांचे सामर्थ्यही दिसते आणि दुबळेपणाही.

सामर्थ्य पाहू. जिल्ह्यांतून आलेल्या याद्यांत बोलींची नावे बहुधा जातींची होती: परभी, कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, धनगरी, ठाकरी. अधिकाऱ्याने मामलेदारास विचारले, मामलेदाराने पाटील-तलाठ्यास, आणि त्यांनी जी जात तीच बोली असे लिहून दिले, असे घडले असल्यास नवल नाही. खुद्द बोलणाऱ्याला आपल्या बोलीचे नाव बहुधा ठाऊक नसते, तिला नाव शेजारी देतात, हे ग्रीअर्सन यांनी फार लवकर ओळखले होते. नमुने शेजारी शेजारी मांडल्यावर कोनो व ग्रीअर्सन यांस आढळले ते असे की, उत्तर कोकणातील या बहुतेक बोलींत परस्पर फरक अगदी थोडा आहे. नावे त्यांनी जशी आली तशी ठेवली, परंतु त्या सर्वांस कोकणची प्रमाण बोली अशा एकाच छत्राखाली आणले. दक्षिणेकडे जाता जाता ती हळूहळू कोकणीकडे झुकते आणि घाट चढला की देशावरच्या मराठीशी जुळते, असे त्यांनी दाखविले.

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे छापताना आम्ही क्षणभर थबकलो, हे कबूल करतो. आगरी बोली ही आगऱ्यांचीच, असे आपण सभांतून म्हणत आलो आहोत. पुरावा मात्र म्हणतो की घोरा आणि पानी आपल्या शेजारच्या कुणब्याच्या आणि कोळ्याच्या घरातही आहेत. बोली पुष्कळशी मातीच्या मागे जाते, जातीच्या मागे कमी. आपल्या ज्ञातीचे नावही आगरावरून पडले, आणि आपल्या या दोन तालुक्यांत मिठागर औषधालाही नाही! तरी आपण आगरीच. नावे अशी प्रवास करतात.

आता घोऱ्याकडे वळू. त्या खंडात नोंदलेली लक्षणे आपल्या घरच्या बोलण्याशी ताडून पाहिली असता आम्हांस एक मौज आढळली. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ड चा आपल्याकडे र होतो. घोडा, गाडी, वाडी यांचे घोरा, गारी, वारी होतात. परंतु शब्दारंभीचा ड कधीच बदलत नाही. डोळ्याला डोला म्हणतील, रोला कोणी म्हणणार नाही. डोंगराचा रोंगर झालेला आम्ही ऐकला नाही. हिंदीतही नेमके याच जागी साधा ड जाऊन नुक्त्याचा ड येतो; घोड्यात व गाडीत तो आहे, डर या शब्दात नाही. दुसरे लक्षण व चे. वीस, विस्तव, वेळ यांतील व गळून ईस, इस्तू, येल होतात. पण वाट ती वाटच राहते, वारा तो वाराच. म्हणजे पुढे इ किंवा ए असेल तरच व जातो. जिभेच्या आळसाने शब्द बिघडले असते तर ते कुठेही बिघडले असते. नेमून दिलेल्या जागीच आणि दर वेळी एकसारखे बदलतात, त्याला व्याकरणात नियम म्हणतात. शाळेतील भाषा शिकावीच. ती न शिकून कोणाचे भले झालेले नाही. पण आजीच्या तोंडचा घोरा ही चूक नव्हे, इतके यावरून ठरते.

दुबळेपणाही सांगितला पाहिजे. नमुने लिहिणारे बहुधा शाळामास्तर, कारकून, कचेरीतील लिहिणारे. बोलणाऱ्याने पानी म्हटले तरी सवयीने हात पाणी लिहून जातो. भाषांतर करून घेतलेल्या वाक्यात मूळ वाक्याची ठेवण शिरते. शेतावरची बाई आपल्या मुलाशी जशी बोलते तशी ती परक्या दृष्टान्तात बोलणार नाही. स्त्रियांचे बोलणे तर त्या काळी कचेरीपर्यंत पोहोचणे दुरापास्त. ग्रीअर्सन यांस या उणिवांची जाणीव होती. शाईने ध्वनी टिकत नाही हे ओळखून त्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलींचे नमुने घेण्याचा आग्रह धरला, आणि १९१३ ते १९२९ या काळात ठिकठिकाणी तशा तबकड्या तयार झाल्या. अलीकडे शिकागो विद्यापीठाने त्यांतील ध्वनी आणि पाहणीचे खंड जालावर ठेवले आहेत. ज्यांच्या हाती यंत्र आहे त्यांस ते घरबसल्या पाहता-ऐकता येतात.

या साऱ्या सामग्रीवर ग्रीअर्सन यांनी एक मोठा सिद्धांत उभारला होता. हर्न्ले या पंडिताने १८८० साली तशी कल्पना मांडली होतीच. मध्यदेशातील भाषांचा एक आतला गट आणि त्याभोवती लहंदा, सिंधी, मराठी, उडिया, बिहारी, बंगाली, आसामी यांचे बाहेरचे कडे. हा भेद आर्यांच्या निरनिराळ्या टोळ्यांमुळे पडला, असे ते म्हणणे. यात मराठीची साक्ष मोलाची होती. आपण गेला, आला म्हणतो. बंगाली व बिहारीतही भूतकाळात असाच ल येतो. हिंदीत तो नाही. म्हणून मराठी बंगालीची सख्खी, हिंदीची चुलत, असा तर्क. १९२६ साली सुनीतिकुमार चटर्जी यांनी बंगालीच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात या सिद्धांतावर कडक टीका केली. बाहेरच्या कड्यातील सर्वच भाषांत हा ल सारखा आढळत नाही, आणि आतल्या गटात धरलेल्या गुजरातीत करेलुं, गयेलो अशा रूपांत तो आहे. तेव्हा एवढ्या आधारावर टोळ्यांचा इतिहास रचता येत नाही. विशेष म्हणजे, या खंडनासाठी लागलेली पुष्कळशी सामग्री ग्रीअर्सन यांनीच छापून जगापुढे ठेवलेली होती. पुरावा आपल्या मताच्या सोयीपुरता छापावा आणि उरलेला पेटीत ठेवावा, हा मोह त्यांस झाला नाही. ग्रीअर्सन यांनी आपली मांडणी टाकून दिली नाही, तरी १९३१ पासून प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत तिच्यात दुरुस्त्या करून मधल्या भाषांचा एक वेगळा गट मानला. वाद अजून मिटलेला नाही. २००५ साली फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन अभ्यासकाने आतल्या-बाहेरच्या भाषांची कल्पना नव्या पुराव्यानिशी पुन्हा पुढे आणली आहे.

१९०३ साली मुलकी सेवेतून निवृत्त झाल्यावर ग्रीअर्सन इंग्लंडात कँबर्ली येथील आपल्या घरी हेच काम करीत राहिले. पहिला खंड १९०३ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. एकंदर ११ खंड, १९ भाग, सुमारे ८,००० पृष्ठे. १७९ भाषा आणि ५४४ बोली. याच काळात काश्मिरी भाषेचा मोठा कोशही त्यांनी सिद्धीस नेला, आणि तुलसीदास व जायसी यांच्या काव्यावरील त्यांचे लेखन युरोपात वाचले गेले. १९१२ साली त्यांस सर हा किताब मिळाला. १९२८ साली ब्रिटिश राज्यातील अत्यंत मोजक्या व्यक्तींस मिळणारा ऑर्डर ऑफ मेरिट हा मान लाभला. तीस वर्षे एका कामास चिकटून राहिलेल्या माणसास मानसन्मानाची किती मातब्बरी होती, हे सांगता येत नाही.

९ मार्च १९४१ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, कँबर्ली येथे ते निवर्तले.

त्यांच्या मागे मराठीच्या बोलींचे काम थांबले नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर मराठी बोलींच्या पाहणीची एक मालिका काढली. कुडाळी, ठाणे जिल्ह्यातील वारली इत्यादी बोली त्यांनी कारकुनाच्या कागदावरून नव्हे, तर बोलणाऱ्याच्या तोंडून टिपल्या. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषांच्या पाहणीचा महाराष्ट्राचा खंड २०१३ साली निघाला. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे गावोगाव जाऊन बोलींचे ध्वनिमुद्रण केले. या पाहणीत बोलणाऱ्यास छापील दृष्टान्ताचे भाषांतर करावयास न सांगता चित्रफिती दाखवून त्यात काय घडले हे त्याच्याच शब्दांत सांगावयास लावतात, आणि स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, शिकलेले-न शिकलेले अशा सर्वांस बोलते करतात.

ज्या घरांत ८० वर्षांपुढील आजी-आजोबा आहेत, त्यांनी येत्या लावणीपूर्वी एखादी संध्याकाळ काढावी आणि राब भाजण्यापासून उडवी रचण्यापर्यंतची हकीकत त्यांच्याकडून ऐकून ती यंत्रावर मुद्रित करून ठेवावी. मध्येच कोणी शब्द सुधारू नये. त्यांनी पानी म्हटले तर पानीच राहू द्यावे.